लांबी भरली की सांगतो

आक्कांचा फोन आला तेव्हा मी एका पँटची तीच शिवण तिसऱ्यांदा मारत होतो.

"दाजी, रविवारी आमचा मेळा आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या मंडळींचा माग अजून तसाच उभा आहे. या आणि कापून न्या. कात्री तुमचीच आणा."

"मी कशाला? तुम्हीच कापून ठेवा, लेकीला पाठवतो."

"आम्ही दुसऱ्याच्या मागाला हात लावत नाही. आणि उशीर करू नका. तिची लोकर संपून बरेच दिवस झाले."

लोकर संपली तर मग घाई कसली, ते मला कळलं नाही. येतो म्हटलं आणि फोन ठेवला.

मी शिंपी आहे. बाजारातल्या गल्लीत माझं दुकान आहे, एक मशीन, एक टेबल, एक आरसा. ही म्हणजे माझी बायको. चाळीस वर्षं मी तिला 'अगं' आणि लोकांसमोर 'ही' म्हटलं, आता या वयात बदलणार नाही. गेल्या थंडीत चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ही गेली.

आक्कांची ती शेती गावाबाहेर तासाभराच्या अंतरावर आहे. वीस-बावीस कुटुंबं एकत्र राहतात, एकत्र कसतात. मेंढ्या आहेत, गाई आहेत, भाजीचे वाफे आहेत, आणि शेतीचं काम सांभाळून कुणी मडकी करतं, कुणी टोपल्या विणतं, कुणी दोर वळतं. मागावरचं काम आक्का बघतात. ही दर बुधवारी बसनं तिकडे शिकायला जायची. सहा वर्षं गेली. "एकदा चला की तुम्ही," म्हणायची. मी म्हणायचो, पुढच्या बुधवारी.

शेवटी शेवटी ती माझ्यासाठी कांबळं विणत होती. मी उंच आहे. घरातल्या कुठल्याच पांघरुणात माझे पाय मावत नाहीत, आणि लग्नापासून हिला त्याचं हसू यायचं. रात्री माझा अंगठा चिमटीत धरून म्हणायची, "हे बघा, पाहुणे बाहेरच झोपलेत." कांबळं मागावर चढवलं त्या दिवशी तिनं विचारलं, "तुमचं माप सांगा. हनुवटीपासून पायापर्यंत."

मला माझं माप माहीत नव्हतं. गावातल्या अर्ध्या माणसांच्या कमरा मला तोंडपाठ आहेत, पण माझ्या अंगाला कुणी टेप लावला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तेव्हा समोर गिऱ्हाईक उभं होतं. मी म्हटलं, "तू विणत राहा. लांबी भरली की सांगतो."

त्यांच्याकडे तशीच रीत आहे, हे तिनं नंतर सांगितलं. विणणारी आपल्या मनानं काम संपवत नाही. ज्याच्यासाठी विणलं तो येतो, माप बघतो, झालं म्हणतो, मग कात्री लागते. "म्हणजे तुम्हाला यावंच लागणार," ती म्हणाली, आणि खूश झाली.

दर बुधवारी जेवताना किती झालं ते सांगायची. शेवटच्या बुधवारी एक्केचाळीस इंच झालं होतं. मी माप विसरत नाही.

आता शिवणींचं सांगतो. साधारण उन्हाळ्यापासून माझं शिवलेलं काम परत यायला लागलं. शिवण उसवली म्हणून. शिवण उसवते तेव्हा दोरा तुटतो, टोकं लोंबतात, कापड ओढलेलं दिसतं. इथं तसं काही नव्हतं. सुईची भोकं सरळ रांगेत होती आणि त्यात दोराच नव्हता. लेक म्हणाली, "बाबा, डोळे तपासून घ्या. दोरा न ओवताच मशीन मारत असाल." मी डोळे तपासले. चष्म्याचा नंबर तोच निघाला.

रविवारी लेक गाडी घेऊन आली. हिनंच विणलेला हिरवा स्वेटर तिनं घातला होता.

"नवीन कपडे नाहीत वाटतं तुला," मी म्हटलं.

"शिंप्याची पोर आहे मी. आमच्या घरी गिऱ्हाइकांचे कपडे आधी होतात."

मी कात्री पिशवीत घेतली होती. मोठी, काळ्या मुठीची. टेप तर माझ्या गळ्यात असतोच. वाटेत लेक म्हणाली, "आईचं कांबळं आणल्यावर काय करणार? कपाटात ठेवणार?"

"पांघरणार."

"अर्धवट आहे ना ते."

"एक्केचाळीस इंच आहे. गुडघ्यांवर घेईन."

तिनं गिअर बदलला. मी बाहेर बघत बसलो.

मेळा मोठा नव्हता. कापणी झालेल्या शेतात दोन रांगांनी टेबलं मांडली होती. मडकी होती, लाकडी चमचे, केरसुण्या, मधाच्या बाटल्या, दोराची भेंडोळी. एका कोपऱ्यात एक माणूस मेंढी पायांत धरून लोकर कातरत होता आणि लोक भोवती उभे होते. ऊन चांगलं होतं. भीती वाटावी असं तिथं काही नव्हतं.

फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली. टेबलामागचे लोक आधी माझ्या पायांकडे बघत आणि मग तोंडाकडे.

चमचे करणारा एक म्हातारा हातातलं काम थांबवून म्हणाला, "हेच ते उंच दाजी."

"ओळखता मला?"

"तुम्हाला नाही. तुमच्या लांबीला ओळखतो." तो हसला, पण हसू पुरं झालं नाही. "बरं झालं आलात. आमचं झोपणं शेडच्या शेजारी आहे. आवाजाची सवय झाली होती म्हणा, पण आता बरं होईल."

"कसला आवाज?"

त्यानं चाकू पुसला. "आक्का सांगतील," म्हणाला.

लेक माझ्या कानाशी आली. "बाबा, हे लोक जरा..."

"शेतकरी माणसं आहेत. तुझ्यासारखं गोड बोलता येत नाही."

"मी गोड बोलते हे पहिल्यांदाच ऐकलं."

मागाची शेड शेताच्या टोकाला होती, लांब, वर पत्रा, दार अर्धं लोटलेलं. भोवती मोकळ्या मेंढ्या चरत होत्या. पण शेडच्या भिंतीपासून दहा-बारा पावलं गवत उंच वाढलं होतं. त्यात एकही मेंढी तोंड घालत नव्हती.

आम्ही जवळ गेलो तसा मागाचा आवाज ऐकू आला. धोटा इकडून तिकडे गेला की टक, मग फणी मारल्याचा ठप. टक, ठप. टक, ठप. मला वाटलं, मेळ्याच्या लोकांना दाखवायला कुणी विणत असेल. हात सावकाश होता, पण सवयीचा होता. लेकीनं दार ढकललं आणि आवाज थांबला.

आत आक्का एकट्याच होत्या. त्या दाराजवळ स्टुलावर बसून शेंगा सोलत होत्या. वयानं माझ्याहून मोठ्या, पाठ ताठ, हात पुरुषासारखे.

"या दाजी," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांनी का होईना, बुधवार उजाडला तुमचा."

मला ते लागलं. लागायलाच हवं होतं.

"कोण विणत होतं?" लेकीनं विचारलं.

"आज एकच माग उभा आहे, बाळ. बाकीचे परवा रिकामे केले, तेल लावून ठेवले. मेळ्यानंतर इथं थंडीसाठी मेंढ्या येतात." त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "येतील का, ते आता बघायचं."

सात माग ओळीनं उभे होते, नुसते लाकडी सांगाडे. आठवा खिडकीजवळ होता. त्यावर पांढरी चादर होती. आक्कांनी चादर काढली.

रंग मी ओळखला, राखाडी आणि मध्ये तपकिरी पट्टे. तिनं सांगितले होते तसेच होते. डावी कड थोडी आत ओढलेली होती. ही डाव्या हातानं दोरा जास्त ओढायची. स्वेटरची डावी बाहीसुद्धा तिची नेहमी तंग व्हायची. विणलेलं कापड पुढच्या रुळावर गुंडाळलेलं होतं. गुंडाळी माझ्या मांडीएवढी जाड होती.

"एक्केचाळीस इंचाची गुंडाळी एवढी नसते," मी म्हटलं.

"नाही," आक्का म्हणाल्या.

"कुणी विणलं पुढचं?"

"मी सांगितलं ना, इथं कुणी दुसऱ्याच्या मागाला हात लावत नाही. ती गेल्याचं कळलं त्या आठवड्यात मी चादर घातली. पुढच्या बुधवारी चादर खाली पडलेली होती आणि तीन बोटं काम पुढे गेलं होतं. मी पोरींना रागावले. मग शेडला कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला असते." त्यांनी किल्ली दाखवली, जणू मी खोटं म्हणणार होतो. "आधी बुधवारीच, मग रोज आवाज यायला लागला. तिच्या टोपलीत लोकर होती तोवर मी म्हटलं, चालू दे. कुणाचं काय बिघडतं. उन्हाळा लागला आणि लोकर संपली. मला वाटलं, आता थांबेल."

"आणि?"

"तुम्हीच बघा. कापडातलं तुम्हाला जास्त कळतं."

मी वाकलो. खिडकीतून ऊन थेट मागावर पडत होतं. ताण्याच्या उभ्या धाग्यांतून आडवी लोकर गेलेली होती, सारख्या हाताची. मग एका जागी लोकर संपली होती आणि तिथून पुढे बारीक सुती दोरा होता. अनेक दोरे एकत्र पिळून लोकरीएवढे जाड केलेले. काळे, निळे, खाकी, पांढरे. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

चाळीस नंबरचा दोरा. माझ्या दुकानातला. त्यावर शिवणीची बारीक वळणं अजून तशीच होती, मशीनमधून गेलेला दोरा सरळ होत नाही. काळा मास्तरांच्या पँटचा होता. खाकी पोस्टमनच्या. पांढरा त्या नवऱ्यामुलाच्या सदऱ्याचा, ज्यानं दुकानात येऊन मला चार गोष्टी सुनावल्या होत्या.

मी मागासमोरच्या बाकावर बसलो. बसायला जवळ दुसरं काही नव्हतं. बाक लाकडाचा होता आणि गरम होता, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखा. मी लगेच उठलो.

"बाबा," लेक म्हणाली. "काय झालं?"

"काही नाही. दोरा माझा आहे."

ती जवळ आली, वाकून बघितलं. तिला दोऱ्यातलं काही कळत नाही. पण तिचं बोट सगळ्यात वरच्या ओळीवर गेलं, फणीच्या अगदी जवळ, आणि तिथंच राहिलं.

वरच्या दोन ओळी हिरव्या होत्या.

लेकीनं आपली डावी बाही वर केली. सकाळी गाडीत तिचा हात गिअरवर होता, तेव्हा बाही मनगटापर्यंत होती, मी पाहिली होती. आता ती चार बोटं वर सरकली होती. कडेला टाके उघडे होते, एकेक सुटा, आणि दोरा कुठंच लोंबत नव्हता.

ती बाही मुठीत घट्ट धरून उभी राहिली.

"माझ्या आधी इथं एक बाई होत्या," आक्का हळू म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं होतं. माणूस काम अर्धं टाकून गेलं आणि ज्याच्यासाठी काम होतं त्यानं झालं म्हटलं नाही, तर काम चालू राहतं. आधी आपला धागा, मग घरातला, मग घरातल्यांच्या अंगावरचा. त्याच्या पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दाजी, ती काही वाईट करत नाही. तिला कुणी थांब म्हटलेलं नाही, एवढंच."

मी ऐकत होतो. खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं. म्हणजे ही इथं आहे. आज रविवारीसुद्धा इथं आहे. मी बसनं येऊ शकतो. दाराबाहेर बसून आवाज ऐकू शकतो. दुकानातले सगळे दोरे तिला आणून देऊ शकतो, रिळांच्या पेट्या भरून. गिऱ्हाइकं गेली तर गेली.

मी ते बोललोही. "आक्का, मी लोकर आणून दिली तर?"

"किती वर्षं?" आक्कांनी विचारलं.

"ताणा किती उरलाय?"

"हातभर."

"संपला की दुसरा चढवू."

"बाबा," लेक म्हणाली. तिनं बाहीवरची मूठ सोडली नव्हती. बोटांच्या मधून आणखी एक टाका सुटला, मी पाहिला. दोरा दिसला नाही. टाका होता आणि मग नव्हता. मागाच्या पायट्या, खालच्या पायानं दाबायच्या फळ्या, थोड्या हलल्या, वाऱ्यानं हलाव्यात तशा. शेडमध्ये वारा नव्हता.

मी गळ्यातला टेप काढून लेकीच्या हातात दिला.

"माझं माप घे," मी म्हटलं. "हनुवटीपासून पायापर्यंत."

"आत्ता?"

"चाळीस वर्षं उशीर झालाय, आणखी नको."

मी दरवाजाच्या खांबाला टेकून उभा राहिलो. लेकीनं एका हातानं टेपचं टोक माझ्या हनुवटीखाली धरलं, मग वाकून खाली नेलं. तिला धड धरता येईना, दुसरी मूठ बाहीवरच होती. मी म्हटलं, "ओढू नको, टेप ताणला तर माप खोटं पडतं." हे मी शिकाऊ पोरांना हजारदा सांगितलं आहे.

"चौसष्ट," ती म्हणाली.

"पायाखाली खोचायला सहा. सत्तर."

सत्तर इंच. एवढाच आकडा होता. गिऱ्हाईक समोर होतं म्हणून मी तो दिला नव्हता, आणि ते गिऱ्हाईक कोण होतं तेही मला आठवत नाही.

आक्कांनी रूळ अडकवून ठेवणारा दात सोडला. मी आणि त्यांनी मिळून गुंडाळी उलगडली. कांबळं बाकाखालून जमिनीवर पसरत गेलं. सुरुवातीची लोकर थोडी कडक होती, पहिलंच कांबळं म्हणून, मग हात बसत गेला होता. अंदाजानं एक्केचाळीसाव्या इंचाला मी थांबलो. तिथं काहीच खूण नव्हती. विणकाम तसंच पुढे गेलं होतं, एक धागाही इकडचा तिकडे नव्हता. मला वाटत होतं, तिथं काहीतरी दिसेल.

मी गुडघ्यांवर बसून टेप लावत गेलो. लेक माझ्या मागे उभी होती, आक्का मागाच्या पलीकडे. दोघींना टेपवरचे आकडे दिसत नव्हते. पन्नास. साठ. लोकर संपली, माझे दोरे सुरू झाले. पासष्ट. मग हिरवं.

साडेसहासष्ट.

मी टेप परत लावला. साडेसहासष्टच. चार बोटं कमी होतं.

"किती?" लेकीनं विचारलं.

चार बोटं म्हणजे किती दिवस, याचा हिशोब मला लगेच लागला. एक बाही, फार तर दोन. मग पाठ. मी वर बघितलं. मागाच्या बाकावर कुणी नव्हतं. पण हिला समोर बसवून खोटं बोलताना माझ्या मानेला जसा घाम यायचा तसा घाम आला. माझी एकही थाप तिच्याकडे खपत नसे. "डावा कान लाल होतो तुमचा," म्हणायची. मी डावा कान हातानं झाकला. आक्का बघत होत्या, तरी झाकला.

इतक्या वर्षांत मी टेप खोटा वाचलेला नाही. कुणाची कमर वाढली तर तोंडावर सांगितली.

"सत्तर," मी म्हटलं. मग बाकाकडे तोंड करून म्हटलं, "अगं, झालं. लांबी भरली. पाहुणे आत आले."

पायट्या एकदा खाली गेल्या आणि वर आल्या. धोटा कडेला पडला होता, तो थोडा घरंगळला आणि थांबला. मी वाट बघत राहिलो. ती विचारेल असं मला वाटत होतं, खरंच का म्हणून. एरवी तिनं विचारलंच असतं.

काही झालं नाही.

मी कात्री घेतली. ताणा कापताना धागे एकेक तुटत नाहीत, जुडग्यानं तुटतात आणि सैल होऊन खाली पडतात. कांबळं जमिनीवर सुटलं. ते हातात घेतलं तेव्हा मला वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. आक्कांनी कडेच्या धाग्यांना गाठी मारायला शिकवलं, आणि आम्ही तिघं शेडच्या दारात, उन्हात बसून गाठी मारत राहिलो. लेकीनं एकदा बाहीकडे बघितलं. आहे तिथंच होती.

चमचेवाला म्हातारा दारापर्यंत आला. "झालं का?" त्यानं विचारलं.

"झालं," आक्का म्हणाल्या.

तो तिथंच उभा राहून शेडमध्ये कान लावून ऐकत राहिला. मग मान हलवून गेला. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा दोन मेंढ्या भिंतीजवळच्या गवतात तोंड घालून चरत होत्या.

गाडीत लेक म्हणाली, "बाबा, खरंच सत्तर होतं?"

"मी शिंपी आहे की तू?"

"कान लाल झालाय तुमचा."

मी खिडकीकडे तोंड केलं.

तेव्हापासून शिवणी उसवलेल्या नाहीत. मास्तरांची पँट मी फुकट शिवून दिली, पोस्टमनचीही. नवऱ्यामुलाचा सदरा घेऊन गेलो तर तो म्हणाला, राहू दे आजोबा, लग्न झालं आता. लेकीची बाही तशीच आखूड आहे. नीट करून देतो म्हटलं, तर नको म्हणाली.

थंडी पडली आहे. कांबळं मी रोज पांघरतो. हनुवटीपर्यंत ओढलं की अंगठे बाहेर राहतात, म्हणून पाय थोडे दुमडून झोपतो. गेल्या आठवड्यात एका सकाळी जाग आली तेव्हा माझे पाय सरळ होते आणि ते गरम होते. झोपेत कांबळं खाली सरकलं असेल. टेप खुंटीवर होता, हाताच्या अंतरावर.

मी तो घेतला नाही.